इयत्ता आणि वीटभट्टी

फिनलंडात मूल सातव्या वर्षी शाळेत जाते, इंग्लंडात पाचव्या. जपानात प्राथमिक शिक्षण सहा इयत्तांचे, तर आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने ते आठवीपर्यंतचे ठरवले. परंतु कसारा-शहापूर परिसरातील ज्या कातकरी कुटुंबांना दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जावे लागते, त्यांच्या मुलांचे जूनमध्ये हजेरीपटावर चढलेले नाव, परीक्षेच्या ऐन हंगामात गैरहजेरीच्या रकान्यात राहते. त्यांना यांपैकी कोणती गणना लागू करावी? वयानुरूप इयत्तेत प्रवेश, विशेष प्रशिक्षण आणि दाखल्याच्या विलंबामुळे प्रवेश न नाकारणे, हे सारे याच कायद्यात नमूद आहे. म्हणून भट्टीनजीकच्या शाळेने मूल येताच त्याला सामावून घ्यावे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते परतल्यावर गावच्या शाळेने त्याचे वर्ष अखंड मानावे, असा स्पष्ट हुकूम जिल्हा परिषदेने काढला पाहिजे.