सूर्य दुपारी, महाग वीज सायंकाळी

कारखान्याच्या छतावर सौर पॅनेल बसवायचे, दिवसभर वीज निर्माण करायची आणि महिन्याचे बिल निम्म्यावर आणायचे, हे गणित गेली काही वर्षे राज्यातील औद्योगिक वसाहतींत सर्वांना पाठ झाले होते. ते गणित आता बदलू लागले आहे. सौर वीज महागली, हे त्याचे कारण नव्हे. उलट ती इतकी स्वस्त आणि मुबलक झाली, की दुपारच्या विजेचे मोलच उतरले. वीज किती तयार होते यापेक्षा ती कोणत्या वेळी हाताशी असते, या प्रश्नाला त्यामुळे महत्त्व आले आहे.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दर आकारण्याचे सूत्र घालून दिले. दिवसातील आठ सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या वेळी व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट, असे हे सूत्र आहे. दहा किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या अशा ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही तारीख ठरली. महाराष्ट्रात आधीची रचना नेमकी उलट होती. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत, तर सकाळी नऊ ते बारा ८० पैसे आणि सायंकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा, अशी ती होती. राज्य वीज नियामक आयोगाच्या मार्च २०२५ च्या आदेशाने स्वस्त वेळ रात्रीवरून दिवसावर आणली आणि सायंकाळ अधिक महाग केली. या आदेशाला स्थगिती, फेरआढावा आणि न्यायालयीन लढाई असे अनेक फाटे फुटले. तपशिलांवर वाद असला, तरी धोरणाची दिशा बदललेली नाही.

हिशेब कुठे बिघडतो?

नेट मीटरिंगच्या नियमानुसार ज्या वेळेत वीज निर्माण झाली, त्याच वेळेच्या वापरातून ती आधी वळती होते. त्यातून उरलेली वीज स्वस्त वेळेतील मानली जाते. ही स्वस्त वेळ रात्रीची होती, तोवर तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याची दुपारची शिल्लक वीज रात्रपाळीच्या कामी येत असे. स्वस्त वेळ दुपारचीच झाली, की ही शिल्लक दुपारपुरतीच उरते. सायंकाळची महाग वीज मात्र रोख मोजून घ्यावी लागते. जुन्या दरांवर विसंबून कर्ज काढणाऱ्या लघुउद्योजकाची परतफेडीची मुदत त्यामुळे लांबते. उद्योजकांच्या नाराजीचे मूळ इथे आहे.

वितरण कंपनीची बाजूही अगदीच पोकळ नाही. दुपारी ग्राहकाकडून आलेली वीज सायंकाळी परत द्यायची, तर त्या वेळी औष्णिक केंद्रे चालवावी लागतात किंवा बाजारातून चढ्या दराने वीज घ्यावी लागते. आजवर विद्युतजाळे हेच ग्राहकाची फुकटची बॅटरी होते. ती सोय संपत असेल, तर साठवणूक ग्राहकाने स्वतः करावी काय?

उदाहरणादाखल आकडेमोड करून पाहता येईल. समजा, दुपारचा दर सहा आणि सायंकाळचा दहा रुपये आहे. बॅटरीतून रोज हजार युनिट मिळवायचे, तर घट धरून सुमारे साडेअकराशे युनिट भरावे लागतील. रोजची बचत ३,१०० रुपये आणि वर्षात ३०० दिवस धरले, तर ९ लाख ३० हजार रुपये होते. संपूर्ण यंत्रणेला दीड कोटी लागले, तर ते वसूल व्हायला सोळा वर्षे जातील. तोवर बॅटरीचे आयुष्य संपत आलेले असेल. याचा अर्थ केवळ दरातील फरकावर बॅटरी परवडत नाही. कमाल मागणी कमी होऊन मागणी आकारात होणारी बचत, डिझेल जनित्राचा वाचलेला खर्च आणि वीज गेल्यामुळे वाया जाणारा माल या तिन्हींची भर पडली, तरच व्यवहार जुळतो. शीतगृह, औषधनिर्मिती वा डेटा सेंटर यांना तो लवकर जुळेल. एका पाळीत चालणाऱ्या वर्कशॉपला नाही.

भिंतींचाही विचार

छत अपुरे असलेल्या शहरी इमारतींपुढे दुसरा पर्याय आहे, तो भिंतींचा. नवी मुंबईत कंट्रोलएस या कंपनीच्या डेटा सेंटरच्या चारही भिंती सौर पॅनेलांनी मढवण्यात आल्या असून त्यांची क्षमता सुमारे ८६३ किलोवॉट आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य डोक्यावर येत असल्याने उभ्या पॅनेलला छतापेक्षा बरीच कमी वीज मिळते, हे खरे. पण पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडते ते दुपार कलल्यावर, म्हणजे दर चढण्याच्या सुमारास. शिवाय नव्या इमारतीत काचेचा वा आच्छादनाचा खर्च करावा लागणारच असतो. सौर भिंतीचा विचार नकाशाच्या टप्प्यावर झाला, तरच तो किफायतशीर ठरतो.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करून मात्र चालणार नाही. दक्षिण कोरियाने सवलती देऊन साठवणूक झपाट्याने वाढवली आणि २०१७ ते २०१९ या काळात तेथे अशा यंत्रणांना वीसहून अधिक आगी लागल्या. सदोष उभारणी आणि देखभाल ही त्यामागची महत्त्वाची कारणे असल्याचे चौकशीत आढळले. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या तुलनेने सुरक्षित असल्या, तरी दाटीवाटीच्या औद्योगिक गाळ्यांत अग्निशमनाचे निकष आधी आणि बॅटरी नंतर, हाच क्रम हवा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अंदाजानुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ४११ गिगावॉट-तास साठवणूक लागेल. त्यातील २३६ गिगावॉट-तास बॅटऱ्यांची असेल, तर उरलेली घाटघर, भिरा यांसारख्या उदंचन प्रकल्पांतून यावी लागेल. या गरजेचा काही भार कारखान्यांनी आपल्या आवारात उचलावा अशी अपेक्षा असेल, तर धोरणात सुसंगती हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. लिथियम बॅटरीवर मात्र तो १८ टक्केच राहिला. त्याहून मोठा प्रश्न दरांच्या भरवशाचा आहे. पंधरा वर्षांची गुंतवणूक करणाऱ्याला पुढच्या दोन वर्षांतील दररचनाही ठाऊक नसेल, तर तो पैसे घालणार नाही. वेळेनुसार दर हे तत्त्व योग्यच आहे. ते लागू करताना आधीच्या गुंतवणूकदारांना पुरेसा संक्रमणकाळ आणि नव्यांना स्थिर दराची हमी मिळाली, तरच दुपारचा सूर्य सायंकाळच्या पाळीपर्यंत पोहोचेल.