पावसाळी सहल : घाट, धबधबा आणि समुद्र



आषाढ लागला की आमच्या लवळ्यावरून रविवारी पौड रस्त्याला येणं म्हणजे परीक्षाच. चांदणी चौकापासून भूगाव, पिरंगुट ओलांडून मोटारींची रांग मुळशीकडे सरकत असते. प्रत्येक गाडीत पुढे साहेब, शेजारी बाई, मागे मुलं, आजी आणि डब्याची पिशवी. सगळ्यांना ताम्हिणीचा पाऊस पाहायचा असतो. पाहावाच! २०२४ च्या जुलैत तिथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता. पुष्कळ गावांना तेवढा वर्षभरात मिळत नाही.

परंतु दरवर्षी या दिवसांत वर्तमानपत्रात एखादी बातमी येते आणि हातातला चहा गार होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एक बाई आणि चार मुलं! घरातून निघताना त्यांनीही आपल्यासारखाच डबा बांधला असेल. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चौघे गेले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती.

म्हणून या आठवड्यात पाककृती बाजूला ठेवू आणि सहलीचं बोलू. ताम्हिणी उतरून पुढे माणगाव, तिथून दिवेआगर, हरिहरेश्वर असा बेत तुमच्यापैकी पुष्कळजणी करतात. त्याच वाटेने जाऊ.

निघायच्या आदल्या दिवशी

हवामान खात्याचा इशारा रंगाने सांगतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे घरीच कांदाभजी करा. जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांच्या, धरणांच्या काही ठिकाणी जायला मनाई करतात. कुठे बंदी आहे ते आधी वाचून घ्यावं. दोन तास प्रवास करून पोलिसांशी हुज्जत घालण्यात कसली आली सहल?

घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. तेव्हा कुठल्या रस्त्याने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे शेजारच्या काकूंना किंवा जाऊबाईंना सांगून निघा. चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. फोन भिजला की पाठ असलेला नंबरही आठवत नाही. पोलीस, अग्निशमन अशा कुठल्याही मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन आकडे मुलांनाही पाठ हवेत. आमच्या शाळेत मी पाढ्यांबरोबर तेही म्हणून घेते.

डबा, कपडे, औषधं

डबा सुटसुटीत असावा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं आणि उकळून गार केलेलं पाणी. घाटाआधी तेलकट वडे भरपेट खाल्ले की मागच्या सीटवर काय होतं ते सांगायला नको. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, समोर रस्त्याकडे बघायला सांगा, तोंडात आलेपाकाची वडी किंवा आवळासुपारी द्या.

साडी घालून पाण्याकाठी जाऊ नये. भिजलेला घोळ पायात अडकतो आणि बाई पडते. सलवार किंवा पँट आणि मागे पट्टा असलेल्या चपला बऱ्या. अंगावरचं सोनं घरी ठेवावं. प्रत्येकाचा एक कोरडा जोड, दोन टॉवेल आणि प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या हव्यातच. एक ओल्या कपड्यांना, एक कचऱ्याला. सॅनिटरी नॅपकिनही कागदात गुंडाळून परत आणावेत, दरीत टाकू नयेत. घाटात स्वच्छतागृहाची सोय मिळेलच असं धरून चालू नका. पौडला आणि पुढे माणगावला सोय बघून घ्या. ‘लाजेनं धरून बसले’ म्हणणाऱ्या बायका पुढे आठवडाभर त्रास काढतात.

जुलाब-उलट्या झाल्या तर घरचं जलसंजीवनी लक्षात ठेवा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण बदलू नका. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो.

घाटात

उजेडात जावं आणि उजेडात परतावं. धुक्यात गाडीचे दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. वळणावर किंवा दरड कोसळलेल्या जागी फोटोसाठी गाडी थांबवू नये. ज्या कड्यावरून ताजी माती, दगडगोटे रस्त्यावर आलेले दिसतात, तिथून आणखी येणार असं समजा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. गुडघाभर वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं आणि दोन फुटांचं पाणी मोटारसुद्धा सरकवतं. माकडांना खाऊ देऊ नका. आज तुम्ही द्याल, उद्या ते दुसऱ्याच्या लेकराच्या हातातून ओढून घेईल.

गवतात पाय टाकताना काठी आपटावी. देव न करो पण साप चावलाच, तर तो हात किंवा पाय हलू देऊ नका. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी, जोडवी काढून टाका. ब्लेडने चिरणं, तोंडाने विष ओढणं, दोरीने आवळून बांधणं यांपैकी काहीही करू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. थेट जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर चालणारी एकच लस असते आणि ती वेळेवर मिळाली की माणूस वाचतो.

धबधब्यापाशी

इथे एकच गोष्ट समजून घ्या. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. ते पाणी खाली पोहोचायला थोडा वेळ लागतो आणि आलं की एकदम येतं. त्याच्या खुणा असतात. स्वच्छ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज वाढतो. यातलं काहीही दिसलं की फोटो, चप्पल, डबा सोडून काठावर वर चढायचं. प्रवाहाच्या मधल्या खडकावर तर कधीच जाऊन बसू नये. पाणी वाढलं की दोन्ही बाजूंनी वाट बंद होते.

समुद्रावर

पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही, लांबून पाहायचा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून समुद्राला लागून जाते. ती ओहोटीलाच आणि समुद्र शांत असतानाच करायची असते. लाट खडकावरून माणूस उचलून नेते.

भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही सापडतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा हा जुना हिशेब. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटी गावातल्या कोळणीला विचारावं आणि तिचं ऐकावं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा अधिकच जपावं.

थंडीत गेलात आणि पाण्यात उतरलात, तर आत ओढणारा प्रवाह ओळखायला शिका. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा मात्र शांत, गढूळ दिसतो. तीच धोक्याची जागा. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावं आणि मग लाटेबरोबर परत यावं. दिवेआगर असो की मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकाचा किनारा, या प्रवाहाचा स्वभाव सगळीकडे एकच.

आता खरी अडचण

हे सगळं आपल्याला पटतं हो, पण तिथे गेल्यावर बोलायचं कसं? भावोजी पाण्यात उतरलेले असतात, मुलं हात ओढत असतात आणि ‘तू म्हणजे अगदी भित्री’ असं चारचौघांत ऐकावं लागतं. मग बाई गप्प बसते. रसभंग नको म्हणून गप्प बसते.

यावर उपाय घरीच करायचा. आदल्या रात्री जेवताना, सगळे समोर असताना, नियम ठरवून घ्या. पाणी किती खोल चालेल, कोणतं मूल कोणाच्या हाती आणि किती वाजता परतायचं. एका मोठ्या माणसाकडे दोनच मुलं, आणि त्या माणसाच्या हातात मोबाईल नाही. काठावर एकजण कोरड्या कपड्यात राहणार, आणि ती दरवेळी तुम्हीच असायला हवी असं नाही. नवऱ्याच्या तोंडून नियम वदवून घेतला की दुसऱ्या दिवशी तुम्हाला ‘नको’ म्हणावं लागत नाही, ‘काल ठरलंय ना?’ एवढंच म्हणावं लागतं. त्यातून कोणी ऐकलं नाहीच, तर मुलांना घेऊन सरळ गाडीत जाऊन बसा. घरी येईपर्यंत अबोला झाला तरी चालेल. अबोला दोन दिवसांत सुटतो.

तुमच्या गावाजवळच्या सहलीच्या वाटेवर काय जपावं लागतं, ते जरूर लिहून पाठवा. पुढच्या आठवड्यात ओल्या कपड्यांचा कुबट वास आणि पावसाळ्यातल्या धान्याची निगा यांविषयी बोलू.