‘तुमच्या गतीने शिका’. पण गती कोणाची?

प्रोग्रामिंग शिकायला आता महागड्या क्लासची गरज उरली नाही, असे आपल्या मुलांना वारंवार सांगितले जाते. सांगणारे खोटे बोलत नाहीत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस ५०’ हा अभ्यासक्रम जगातील कोणालाही घरबसल्या फुकट करता येतो. ना प्रवेश परीक्षा, ना देणगी, ना हजेरी. प्राध्यापक डेव्हिड मलान यांची व्याख्याने ऐकायची, आठवड्याआठवड्याचे गृहपाठ सोडवायचे, शेवटी स्वतःचा एक प्रकल्प करायचा. सुरुवात ‘स्क्रॅच’च्या रंगीत ठोकळ्यांनी होते, मग सी, पायथॉन, एसक्यूएल. प्रत्येक गृहपाठात किमान ७० टक्के गुण पडले की साधे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गृहपाठ माणूस नव्हे, यंत्र तपासते. बरोबर आले की हिरवा हसरा चेहरा, चुकले की लाल रडका. कितीही वेळा चुका, यंत्र कंटाळत नाही आणि आडनाव पाहून गुणही कापत नाही. तोंडी परीक्षेत आडनाव ऐकताच बदलणारा परीक्षकाचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मग आपली मुले मागे का पडतात?

आमच्या ओळखीचा बी.एस्सी.चा एक विद्यार्थी. रात्री पेट्रोल पंपावर काम, सकाळी कॉलेज. घरी पाच माणसे आणि दोन खोल्या. जानेवारीत त्याने हा अभ्यासक्रम सुरू केला. व्याख्याने मोबाईलवर ऐकली, पण प्रोग्राम लिहायला संगणक लागतो. तो मित्राच्या घरी, तेही मित्राला नको असेल तेव्हा. चौथ्या आठवड्याच्या पाठात, संगणकाच्या स्मृतीच्या प्रकरणात, तो अडकला. तो भाग भल्याभल्यांना रडवतो. पण इतरांना विचारायला घरात इंजिनिअर काका असतो. याने विचारायचे कोणाला? व्याख्यानही इंग्रजीतच. दोन महिने गेले आणि पोराने स्वतःलाच ‘ढ’ ठरवले. हीच या फुकट शिक्षणाची खरी किंमत आहे. शाळेने नापास केले तर शाळेशी भांडता येते; इथे नापास करणारा कोणी दिसतच नाही.

बाबासाहेबांना हे नेमके ठाऊक होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. ‘तुम्हाला जमेल तेव्हा शिका’ एवढे सांगून ते थांबले नाहीत. विद्यार्थ्याची वेळ पाहून त्यांनी कॉलेजची वेळ ठरवली. जागा दिली, शिक्षक दिले, सोबत शिकणारे चार जण दिले.

भाषेची अडचण काही प्रमाणात सुटलेली आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात प्रोग्रामिंगचे छोटे छोटे धडे आहेत आणि त्यातले अनेक मराठीतही आहेत. धडा थोडा पाहायचा, थांबवायचा, तसेच स्वतः करून बघायचे. आपल्यातल्या किती पालकांना हे माहीत आहे? आधी तिथे पाया पक्का करून मग हार्वर्डकडे वळले तर निम्मी भीती तिथेच जाते.

आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नोकरी मिळाली, या भ्रमातही कोणी राहू नये. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित नावांच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे कमी आले. गृहपाठ तपासणारे यंत्र आडनाव पाहत नसेल, अर्ज चाळणारा साहेब पाहतो. म्हणून प्रमाणपत्रापेक्षा शेवटचा प्रकल्प महत्त्वाचा. तो उघडून दाखवता येतो.

आपल्या बुद्धविहारांच्या अभ्यासिकांत आज स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेत. चांगलेच आहे. जयंतीच्या डीजेचा एका वर्षाचा खर्च वाचवला तर तिथेच दोन-तीन जुने संगणक आणि इंटरनेट येते. वस्तीतला एखादा नोकरदार इंजिनिअर रविवारी दोन तास बसला, तर स्मृतीच्या प्रकरणात अडकलेल्या पोराला विचारायला माणूस मिळतो. हार्वर्डचा अभ्यासक्रम दरवर्षी ३१ डिसेंबरला संपतो आणि १ जानेवारीला नव्याने सुरू होतो. केलेले काम वाया जात नाही. आमचा तो विद्यार्थी पुन्हा बसायला तयार आहे. विहाराच्या अभ्यासिकेची चावी कोणाकडे आहे, एवढे तो विचारतो आहे.