न्हाणीतलं पाणी जातं कुठं?

भगिनींनो, भांडी घासून, न्हाणी धुऊन आपण पदराला हात पुसले की आपल्या लेखी काम संपलं. पण नालीत गेलेल्या पाण्याचा प्रवास तिथूनच सुरू होतो. अकोल्याचं सांडपाणी मोर्णेत उतरतं, मोर्णा पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. अमरावतीकरांनी आपला अंबानाला आठवावा.

तुम्ही म्हणाल, "अकोल्याला काटेपूर्णेचं धरण आहे, अमरावतीला ऊर्ध्व वर्धा. मग नदीची काळजी कशाला?" अहो, पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ज्यांच्या जमिनीखाली गोडं पाणी नाही, त्यांच्या दारावरून वाहणारी नदी आपण नासवायची, हे शोभतं का?

जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णेत उतरले आणि त्यांनी जलकुंभी उपसली. त्यात आयाबहिणीही होत्या. पंतप्रधानांनी २८ जानेवारीच्या 'मन की बात'मध्ये त्याचं कौतुक केलं. पण जलकुंभी मोठी चिवट! उपटली तरी पुन्हा फोफावते, कारण तिला खत आपणच घालतो. मैल्यातलं नत्र आणि काही धुण्याच्या पावडरींतलं स्फुरद हेच ते खत.

यावर खरा उपाय म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र. त्याची रीत आपल्याला परकी नाही. आधी जाळीतून कचरा गाळायचा, मग वाळू खाली बसू द्यायची. पुढच्या टाकीत हवा सोडली की जंतू घाण खाऊन टाकतात. नंतर गाळ निवळतो, आणि त्यातला थोडा पुन्हा टाकीत घालतात, अगदी विरजणासारखा! जुन्या पद्धतीच्या केंद्रांत घाण कमी होते, पण नत्र आणि स्फुरद बरंच उरतं. सुधारित केंद्रात हवा आलटून पालटून चालू-बंद ठेवतात, त्यामुळे नत्र वायू होऊन उडून जातं. म्हणजे जलकुंभीची उपासमार!

अकोल्यात शिलोड्याला आणि अमरावतीत लालखडीला अशी केंद्रं झाली आहेत. नागपुरात भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, तेवढं धरणाचं पाणी वाचतं. पण केंद्र कितीही चांगलं असो, घरचं पाणी गटारात न जाता उघड्या नालीत गेलं, तर त्याचा उपयोग काय? माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं, तर त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. पाच माणसांच्या घराचं रोजचं ५४० लिटर झालं की!

तेव्हा घरी एवढं करा :

१. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. कढई आधी रद्दी कागदानं पुसा, मग घासा. नळीत चिकटलेलं तेल गटार तुंबवतं.

२. पॅड, चिंध्या, जुन्या गोळ्या संडासात टाकू नका. चिंध्यांनी पंप अडकतात.

३. अ‍ॅसिड आणि फिनेल बेतानं वापरा. सेप्टिक टँकमधले उपयोगी जंतू त्यानं मरतात. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या.

४. धुण्याची पावडर मुठीनं नको, चमच्यानं मोजून घ्या. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे.

५. गच्चीच्या पावसाच्या पाण्याची नळी मैल्याच्या गटाराला जोडू नका. पहिल्याच मोठ्या सरीत केंद्रातलं 'विरजण' वाहून जातं.

६. भुयारी गटाराची जोडणी गल्लीत आली की टाळाटाळ करू नका. घरात अंगण उकरावं लागेल म्हणून कुरकुर होईल, ती तुम्हीच समजुतीनं मिटवा.

आणि एक काम चौघींनी मिळून करा. महापालिकेत जाऊन विचारा : शहराचं सांडपाणी रोज किती, त्यातलं केंद्रात पोचतं किती, आणि शुद्ध होऊन नदीत जातं किती? घरखर्चाचा पैन् पै हिशेब ठेवणाऱ्या बाईला हा हिशेब मागायला कसली भीड?