गळती नाही, तरी स्लॅबमध्ये पाणी कसं?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीच्या चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळून सहा जणांचा जीव गेला. तिथे लादीचं काम सुरू होतं, त्यामुळे दोष एकट्या ओलीवर टाकता येणार नाही. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या सोसायट्यांत ‘छत गळत नाही, म्हणजे स्लॅब ठणठणीत’ ही समजूत आहे. ती धोक्याची आहे.

का? सिमेंट भरीव दिसतं, पण त्यात काही नॅनोमीटरची छिद्रं असतात. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) मोकळ्या हवेत वाफेचं पाणी व्हायला आर्द्रता १०० टक्क्यांवर जावी लागते. अशा अरुंद जागेत मात्र ८० टक्क्यांनाच साधारण १० नॅनोमीटर रुंदीची छिद्रं पाण्याने भरतात. आपल्या पावसाळ्यात एवढी आर्द्रता रोजचीच! शिवाय हे पाणी सहज सुटत नाही. भरताना होती त्यापेक्षा हवा कोरडी झाली, तरच ते पुन्हा वाफ होऊन बाहेर पडतं.

नुसत्या ओलाव्याने सळई गंजत नाही. चांगल्या काँक्रीटमधला अल्कधर्म तिला जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं तो कमी करतो, खाडीकाठचे क्षारही भर घालतात. मग ओल आणि ऑक्सिजन पुरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. त्यावर पुट्टी-रंग मारून फक्त तडा दिसेनाशी होते.

३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या सोसायटीच्या अहवालात सळईच्या गंजाची चाचणी आहे का, हे सेक्रेटरींना विचारा. ‘सी-१’ शेरा असेल, तर इमारत ताबडतोब रिकामी करायची असते.