सुंदर गाव, बंद खिडक्या

गेल्या ऑक्टोबरमध्ये लेकीकडे फ्रान्सला गेले होते. ती ब्रीव शहरात राहते. जावई म्हणाले, "आई, पॅरिस सगळेच बघतात, मी तुम्हाला एक खेडं दाखवतो." तासाभराच्या आतच आम्ही कोलाँज-ला-रूज या गावात पोहोचलो.

रूज म्हणजे लाल. दगडात लोहाचा अंश असल्यामुळे घरं, बुरूज, चर्च सगळं लालच. त्यावर द्राक्षाचे वेल चढलेले, आणि गावाबाहेर अक्रोडाची झाडं. जुन्या बाजाराच्या छपराखाली अख्ख्या गावाची एकच पावाची भट्टी आहे. पूर्वी सगळ्या घरांचा पाव तिथेच भाजला जायचा.

इथल्या द्राक्षमळ्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कीड पडली. मळे गेले, माणसं गेली, घरं ढासळू लागली. मग 1942 मध्ये सरकारने गावाला संरक्षण दिलं. 1982 मध्ये इथलेच महापौर शार्ल सेराक यांनी फ्रान्समधल्या सर्वांत सुंदर गावांची संघटना काढली. दोन हजारांहून जास्त वस्तीच्या गावाला तिच्यात जागा नाही. आज दीडशेहून जास्त गावं तिच्यात आहेत.

लेकीच्या ओळखीच्या एका आजींकडे आम्ही बसलो. टेबलावर अक्रोडांचा ढीग होता. पूर्वी हिवाळ्याच्या रात्री बायका एकत्र जमून गप्पा मारत अक्रोड फोडायच्या, असं त्यांनी सांगितलं. मला आपलं पापड लाटणं आठवलं. आता त्या एकट्याच फोडतात. मुलं शहरात. समोरच्या घराची खिडकी फक्त उन्हाळ्यात उघडते, कारण मालक सुट्टीपुरते येतात. "माझ्यामागे या घराचंही तेच होईल," असं त्या म्हणाल्या, आणि पुढचा अक्रोड उचलला.

परतताना मी म्हटलं, पाहुण्यांनीच गाव बिघडवलं. लेक म्हणाली, "पाहुणे आले नसते तर भिंतीही उरल्या नसत्या." तिचं खरं आहे. पण अर्धंच. कायदा दगड राखतो, चूल पेटवत नाही. घरांची डागडुजी होते तशीच एखाद्या तरुण जोडप्याला परवडेल अशा भाड्याची सोयही व्हायला हवी. रोज पाव घेणारं, मूल शाळेत घालणारं कुणी असेल, तरच ते गाव. नाहीतर तो देखावा.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. सांगलीकडच्या आमच्या गावी सासूबाईंचं घर आहे. वर्षातून एकदा यात्रेला जातो, ओट्यावर फोटो काढतो, कुलूप लावून परततो. शेजारच्या काकू दरवेळी विचारतात, "परत कधी?" त्या आजींसमोरची बंद खिडकी आणि आमची, यात फरक तो काय?

ह्यांच्याशी बोलले आहे. गावातल्या शाळेच्या नव्या बाई भाड्याने खोली शोधताहेत. या महिन्यात किल्ली त्यांच्या हातात देणार आहोत.