साधना कट आणि घरातला अबोला



दर आठवड्याला आपण बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बोलतो. आज थोडे केसांविषयी बोलू. हसू नका, विषय घरातलाच आहे.

मागच्या महिन्यात एका गावी हरभऱ्याचे प्रात्यक्षिक पाहायला गेलो होतो. नंतर त्या शेतकरी बंधूंच्या घरी चहाला बसलो, तर घरात सगळे गप्प. बारावीतल्या मुलीने तालुक्याला जाऊन पुढचे केस कापून कपाळावर घेतले होते आणि वडिलांनी चार दिवसांपासून तिचे कॉलेज बंद केले होते. "साहेब, आज केस कापले, उद्या काय करील?" असे त्यांचे म्हणणे.

मला माझ्या आत्याची आठवण झाली. तिच्या तरुणपणी याच झुलपांना 'साधना कट' म्हणत. साधना शिवदासानी ही १९४१ साली कराचीत जन्मलेली सिंधी मुलगी. फाळणीनंतर तिचे कुटुंब मुंबईला आले. १९६० च्या 'लव्ह इन सिमला' या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना तिचे कपाळ फार रुंद वाटले. ऑड्री हेपबर्न या परदेशी नटीने 'रोमन हॉलिडे' (१९५३) चित्रपटात लांब केस कापून कपाळावर बटा घेतल्या होत्या. तसेच हिचेही कापले. म्हणजे मूळ हेतू कपाळ झाकण्याचा, पण पाहता पाहता शहरोशहरी मुली तसे केस कापून घेऊ लागल्या.

गंमत अशी, की त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'परख'मध्ये साधनाने खेड्यातल्या पोस्टमास्तरांच्या साध्या, गुणी मुलीचे काम केले. तिथे झुलपे नाहीत. बाई तीच, केस तेवढे वेगळे!

आमच्या आत्याने जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिला आणि घरच्याच कात्रीने केस कापले. पणजीने कपाळाला हात लावला. "अगं, कुंकवाची जागाच झाकलीस!" आजोबांनी दोन महिने अबोला धरला आणि तिची शाळा बंद केली. ती तेव्हा नववीत होती. मास्तरीण व्हायची तिची फार इच्छा होती. दिवाळीपर्यंत केस वाढून पुन्हा वेणीत बसले. शाळा मात्र कायमची सुटली. आज पंचाहत्तरी ओलांडली तरी ती म्हणते, "केसांचं काही नाही रे, शाळा राहिली."

१९६४ साली ज्वारीचे सी.एस.एच.-१ हे संकरित वाण आले, तेव्हाही आपल्याकडे कमी कुरकुर झाली नाही. भाकरीला चव नाही, कडबा बरा नाही, अशा तक्रारी होत्या. 'हायब्रीड' हा शब्द तर लोक शिवीसारखा वापरू लागले. तरी शहाण्या शेतकऱ्याने थोड्या जागेत लावून पाहिले. जमले ते ठेवले, नाही जमले ते पुढच्या हंगामात बदलले. केसांचे तर त्याहून सोपे आहे. ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. बियाणे बदलायला हंगामाची वाट पाहावी लागते, केसांना तीही नको. पण बुडालेले शिक्षणाचे वर्ष असे वाढून येत नाही.

साधना २५ डिसेंबर २०१५ रोजी गेली. तो कट एके काळी घरोघरी भांडणे लावून गेला, आणि आज तो केलेल्या बायका नातवंडांच्या आज्या आहेत. त्यांचे संसार काही मोडले नाहीत.

मुलीचे वागणे खटकले तर जरूर बोला, समजावा, वेळेला रागवाही. पण त्याची शिक्षा तिच्या शाळा-कॉलेजला देऊ नका.

एवढेच मी त्या बंधूंना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पुढच्या मंगळवारी त्यांचा फोन आला. मुलगी कालपासून कॉलेजला जाऊ लागली होती. जाता जाता हरभऱ्यावर घाटेअळी दिसते, काय फवारू, असेही त्यांनी विचारले. त्यांना फोनवर सांगितलेच आहे. आपल्या सर्वांसाठी ती माहिती पुढच्या अंकात देतो.